टचलाइनवरची हाक

कॉव्हेंट्रीच्या मैदानावर परीक्षित चेंडू फेकायला उभा राहिला की त्याचा बाप, उल्हास, टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, येरझाऱ्या घालायचा. कॉलेजात असताना अमेरिकन फुटबॉलमध्ये तोही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. फेकणाऱ्याला आडवं करायला धावून येणारे पास रशर त्यानं अंगावर झेलले होते.

"आमच्या वेळचे रशर म्हणजे नुसते रेडे," तो बायकोला, नीनाला, नेहमी सांगायचा. "थेट डोक्यावर आदळायचे. आता रूल्स आहेत, पोराला काही होत नाही."

कसले डोंबलाचे रूल्स! आज समोरचा रशर बघून त्याची पाचावर धारण बसली. देह रेड्याचाच, पण पळणं मांजराचं. असलं धूड त्याच्या वेळी नव्हतं.

ते धूड परीक्षितच्या पाठीमागून सुटलं. परीक्षितची नजर लांब, पास घेणाऱ्यावर. उल्हासला राहवेना.

"परी, मागे बघ!"

सगळ्या मैदानात मराठी कळणारा तो एकच खेळाडू. तो थबकला, वळला, आणि रशर त्याच्या छातीवर आदळला.

बऱ्याच वेळानं परीक्षित उठला, धापा टाकत टचलाइनपाशी आला.

"बाबा, तो येतोय, आय न्यू. बॉल सुटतच होता. तुमचा हाक आला म्हणून थांबलो."

तो परत गेला. रशर पुन्हा वाकून तयार झाला. उल्हासनं मफलरचा बोळा तोंडात कोंबला.

शेजारी उभी असलेली नीना मैदानाकडे बघतच नव्हती. तिची भेदरलेली नजर नवऱ्याच्या तोंडावर खिळली होती.