मदनसिंगच्या गोळीला रकाना नव्हता

मदनसिंग अकरा वर्षं हार्वेस्टर घेऊन परमुलखात फिरला आणि येताना दोन गोष्टी घेऊन आला : कंबरेचं दुखणं आणि त्यावरची अफूची काळी गोळी. दुखणं होतं तेवढंच राहिलं, गोळी तेवढी राहिली नाही. रोज वाढत गेली. तीन वेळा त्यानं नुसत्या जिद्दीवर सोडून पाहिली. तिन्ही वेळा तांड्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि तिन्ही वेळा महिन्याभरात तो शेलूबाजारच्या ढाब्यामागे सापडला.

चौथ्या वेळी तो वाशिमच्या उपचार केंद्रावर गेला. तिथल्या रंजीता सिस्टरनं एक पांढरी गोळी दिली. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. ही नशा देत नाही, तलफ तेवढी झोपवून ठेवते, असं तिनं समजावलं. बीपीवाला घेतो तशी रोज घ्यायची, कमी कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनानं थांबवली तर तब्येतीचे हाल होतील आणि पाय पुन्हा ढाब्याकडे वळतील. मदनसिंगनं काहीच शंका काढली नाही, कारण तोंडात गोळी होती.

वर्षभरात माणूस रुळावर आला. अंगावर मांस चढलं. लेकीच्या शाळेतल्या पालकसभेला जाऊन चक्क शेवटपर्यंत बसला. मग आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला मिळू लागल्या, मात्र त्या घरातल्या एका माणसाच्या ताब्यात ठेवायच्या असा नियम होता. मदनसिंगनं बायकोचं नाव दिलं. रुपाबाईशिवाय दुसरं नाव त्याच्या डोक्यातही आलं नाही.

रोज सकाळी ती त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची. मग दहा मिनिटं नवरा गप्प. चौदा वर्षांच्या संसारात अशी सोय तिला पहिल्यांदाच लाभली होती. शेळीपासून जावेपर्यंत सगळ्यांच्या कागाळ्या ती तेवढ्यात उरकून घेई. मदनसिंग भिंतीला टेकून ऐकत बसे. त्याला ते आवडायचं. घरातलं एकही गुपित आपल्यापासून लपलेलं नाही, असं त्याला वाटायचं.

घोटाळा केला तो एका अर्जानं. कुण्या संस्थेनं व्यसनमुक्त तांड्यांची स्पर्धा काढली. मदनसिंगचा थोरला भाऊ राजपाल हा तांड्याचा नायक. बक्षीस हे आपल्याच तांड्यासाठी काढलेलं आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. अर्जात रकाने दोनच होते : व्यसनी आणि व्यसन सुटलेले. दारू पिणाऱ्यांचा प्रश्न राजपालनं चटकन सोडवला. संस्थेची समिती पाहणीला येईल त्या दिवशी त्यांना लांबच्या शेतात पाठवायचं ठरलं. पण औषधावर असलेल्या माणसाला कुठे बसवावं? त्यानं अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली. तिथे संस्थेचा पत्ता होता.

“काळी सोडली अन् पांढरी धरली,” तो ओट्यावर बसून म्हणायचा. “याले काय सुटनं म्हंतेत?”

सोयाबीन काढणीला आलं. मदनसिंग दिवसभर मळणीयंत्रावर अडकला, म्हणून केंद्रावरून गोळ्या आणायला रुपाबाई जाऊ लागली. एका गुरुवारी ती वेगळीच गोळी घेऊन आली. कंपनी बदलली म्हणाली. गोळी गोड होती. मदनसिंगनं ती नेमानं जिभेखाली ठेवली आणि नेमानं दहा मिनिटं गप्प बसला.

तिसऱ्या दिवसापासून जांभया सुरू झाल्या. नाक वाहू लागलं, भर उन्हात अंगावर काटा यायला लागला, पोटऱ्या कुणी पिळाव्यात तशा दुखू लागल्या. ही लक्षणं त्याच्या चांगल्या ओळखीची होती. सिस्टरला फोन लावायला त्यानं दोनदा मोबाइल काढला आणि परत खिशात घातला. गोळी चालू असून तलफ येते, म्हणजे खोट औषधात नाही, आपल्यातच आहे; हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एका दुपारी तो ढाब्यामागे अफू विकणाऱ्या लखीरामकडे जाऊन उभा राहिला. लखीरामनं न विचारता पुडी पुढे केली. मदनसिंग हात न लावता परत आला. दोन दिवसांनी पुन्हा गेला. या वेळी पुडी हातात घेऊन पाहिली, मग ठेवून आला. तिसऱ्यांदा गेलो तर ठेवून येणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं.

दहाव्या दिवशी समिती आली. मांडव पडला, शाल आली, नारळ आला. मदनसिंगला मधोमध उभं केलं. राजपालनं माईक हातात घेतला आणि तो सोडायचा कधी याचा विचार न करता बोलत राहिला. शेवटी भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दहा दिवस झाले, याले औषदाची एकबी गोळी देल्ली नाई. लेकराइच्या कॅल्शियमच्या गोड गोळ्या देल्ल्या आमी. अन् पाहा साहेब, उभा हाय का नाई?”

टाळ्या वाजल्या. मदनसिंग उभा होता हे खरंच होतं. मांडवाचा खांब त्यानं धरून ठेवला होता. आणि हाडंही मजबूत झाली असावीत. त्यानं बायांच्या रांगेत पाहिलं. रुपाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

घरी आल्यावर तिनं ज्वारीच्या कोठीतून खऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून समोर ठेवल्या. फेकायचा जीव झाला नाही म्हणाली. राजपालदादानंच सांगितलं होतं, की ही सरकारी नशा आहे, जन्मभर सुटणार नाही, थोडे दिवस कळ काढली की मोकळा होईल. तिला ते पटलं होतं.

“म्हंजे मी तळमळून राह्यलो होतो, तवा ह्या घरातच होत्या,” मदनसिंग म्हणाला.

ती पट्ट्या एकावर एक रचत राहिली.

“दोनदा लखीरामच्या दारी जाऊन आलो मी, रुपा. मले वाटलं, मीच नालायक हाय. रोज सकाळी तू शेळीचं सांगतलं, जावेचं सांगतलं. एवढंच काहून नाई सांगतलं?”

दुसऱ्या दिवशी तो जीपनं वाशिमला गेला. न विचारता रुपाबाईही मागच्या सीटवर येऊन बसली. डॉक्टरांनी तपासून औषध पुन्हा सुरू केलं. पुडी परत ठेवून येणं सोपं नसतं, असं रंजीता सिस्टर म्हणाली, तेव्हा त्याला रडू आलं आणि ते त्यानं वाहत्या नाकावर ढकललं. आठवड्याच्या गोळ्या आता कुणाच्या ताब्यात द्यायच्या, असं तिनं विचारलं. रुपाबाई दारातच उभी होती.

“कोनाच्याच नाई,” तो म्हणाला. “मी रोज येईन.”

हंगाम चालू आहे, सिस्टरनं आठवण करून दिली. सोयाबीन दुसरं कोणीही काढेल, असं त्यानं सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये रुपाबाईनं शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. तो पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. बऱ्याच वेळानं तिनं मागून विचारलं, “अवो, माह्यासंगं कधी बोलसान?”

“आता बोलून तं राह्यलो,” मदनसिंग म्हणाला, आणि शेलूबाजार येईपर्यंत पुढचा रस्ता पाहत राहिला.