छिद्रांचा जीव

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे, जिवंत! हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून जरा रागच येतो. मला तोंड नाही, पोट नाही, मेंदूही नाही. अंगभर बारीक छिद्रं आहेत. त्यांतून खारं पाणी आत येतं. त्यातलंच मी खातो, त्यातूनच श्वास घेतो आणि वरच्या मोठ्या छिद्रातून ते सोडून देतो.

श्रीरंग पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आला आणि बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये काचेची पेटी मांडून त्याने मला आणलं. सुरुवातीला पाहुण्यांना माझा केशरी रंग दाखवायची कोण हौस! पुढे ऑफिसचं काम वाढलं. काचेवर शेवाळ चढलं, पेटीचा सांधा झिरपू लागला, तरी ‘रविवारी बघू’ म्हणत सगळे रविवार गेले.

एका दुपारी सांधा उकलला. पाणी भराभर उतरू लागलं. श्रीरंग ऑफिसात होता. त्याच्या बायकोने, प्रमोदिनीने, त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. शेजारच्या शिवलीलाअक्कांनी धावत येऊन गळत्या धारेखाली बादली धरली. फोन नुसताच वाजत राहिला.

“अक्का, मी ह्याला बाहेर काढते. नाहीतर मरेल हो!” प्रमोदिनीने मला मी चिकटलेल्या दगडासकट धरलं.

तिची माया खरी होती, आणि तीच माझ्या जिवावर उठली होती. हवेत आलो की माझ्या छिद्रांत हवा अडकते, पाणी वाहायचं थांबतं आणि मी आतून कुजू लागतो. भीतीने मी अर्धा झालो, पण ओरडायला तोंड कुठलं! माझं टोक पाण्याबाहेर आलंसुद्धा.

तेवढ्यात श्रीरंगने फोन उचलला. “पेटी गळतेय, स्पंज बाहेर काढतेय,” ती म्हणाली.

“हवेत काढू नकोस! वाडगा पाण्यात बुडव, आतल्या आत त्यात घे.”

“स्वल्प थांब की गं!” म्हणत अक्कांनी वाडगा आणून दिला. प्रमोदिनीने मला परत बुडवलं, पाण्यातल्या पाण्यात वाडग्यात घेतलं आणि बादलीत साचलेल्या त्याच खाऱ्या पाण्यात सोडलं.

माझं टोक पांढरं पडून गळालं. बाकीचा मी वाचलो.

मित्रांनो, सांधा झिरपू लागेल तेव्हाच त्याच्याकडे बघा. आणि कुणाला वाचवायला धावाल, तेव्हा हात घालण्याआधी एवढंच विचारा: हा जगतो कशात?