पंप कोण धुतं

चिमीच्या आईने बांधाकडेच्या पट्ट्यात माठाची पानं खुडायला हात घातला, तोच पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला, "बाजूला हो. तण मारायचंय."

तण म्हणे! दोन हात रुंदीचा तो पट्टा. त्यात माठ, चवळी आणि भोपळ्याचे वेल. बाकी सगळ्या रानात कापूस, पार घराच्या उंबऱ्याला येऊन टेकलेला. पूर्वी याच रानातून डाळी निघायच्या, तीळ निघायचे, घरातलं कुणी भाजीला बाहेर गेलं नव्हतं. आता घरात दुकानातला तांदूळ आणि चहात बुडवायची बिस्किटं. पोरगी त्यावरच वाढत होती. वाढत कसली, दिवस मावळला की भिंतीला धडकत होती. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, पालेभाजी आणि पिवळा भोपळा पोरीच्या पोटात जाऊ दे, नाहीतर डोळे जातील. नवऱ्याला हे सांगून सांगून तिची जीभ झिजली. त्याचं आपलं एकच पालुपद, कापूस निघू दे, मग दुकानातून हवं ते आणू. दुकानात बिस्किटांशिवाय काही नसतं, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

ती जागची हलली नाही.

"हे तण नाही," ती म्हणाली. "पोरीच्या तोंडचा घास आहे."

त्याने पाठीवरच्या फवारणी पंपाची लोखंडी नळी उचलली आणि तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं तिला स्वतःला ऐकू आलं. ती मटकन खाली बसली, तशी त्याने लाथेने तिला कडेला लोटलं आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळ्या पट्ट्यावर तणाचं औषध मारलं. वेलाला नुकता भोपळा धरला होता, तोही सोडला नाही. चिमी उंबऱ्यात उभी राहून रडत होती.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी. फवारून आला की तो पंप अंगणात आपटायचा आणि हातपाय धुवायला निघून जायचा. मग ती टाकी, नळी, तोटी सगळं सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायची. पंप धुतला का, असं त्याने लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. जेवण झाल्यावर ताट कुठे जातं, हे तरी त्याने कधी विचारलं होतं?

या वेळी तिचा मोडका हात आधाराच्या फळीला बांधलेला होता. पंप अंगणात तसाच पडून राहिला. पुढे कापसावर कीड दिसली, तेव्हा त्याच पंपात त्याने किडीचं औषध भरलं. चुलीपाशी बसून तिने ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. खोटं कशाला बोला, तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

आठवडाभरात कापसाची पानं कोंबडीच्या पायासारखी आकसली. शेंडे वळले, फुलं गळाली. तो औषधाच्या दुकानात विचारायला गेला, तर दुकानदार म्हणाला, पंपात तणनाशक राहिलं असणार, घरात कुणी धुतला नाही का?

तो दिवेलागणीला घरी आला, तो डोक्यात राख घालूनच. आल्या आल्या त्याने पंपाची नळी उपसली.

"पंप का नाही धुतलास?"

"कुठल्या हाताने धुवू?" ती उठून उभी राहिली. डाव्या हातात खुरपं होतं. "तूच मोडलास ना हात? ये पुढे."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याने नळी उगारली आणि जीव खाऊन खाली आणली. नेमकी त्याच क्षणी चिमी आईच्या आवाजाच्या रोखाने, भिंत चाचपत मध्ये आली. नळी पोरीच्या कपाळावर बसली. ती ओरडलीही नाही, नुसती खाली बसली, आणि रक्त नाकावरून हनुवटीवर आलं.

"बाजूला का नाही झालीस?" तो किंचाळला.

"दिसलं नाही, बाबा," चिमी म्हणाली. "अजून दिवा नाही लावला?"

दिवा तिच्या डोक्यावरच जळत होता.

आईने खुरपं टाकून पोरीला कुशीत ओढलं आणि जखमेवर फडकं दाबून धरलं. तो दिव्याकडे बघत राहिला, मग पोरीकडे. त्याच्या हातातली नळी कधी गळून पडली ते त्याला कळलं नाही. पोरीचं रक्त थांबलं, तेव्हा त्याने खालच्या मानेने विचारलं, भोपळ्याचं बी शिल्लक आहे का?

बी फळीवरच्या डब्यात होतं. तिने डबा काढला नाही. जमिनीवरचं खुरपं पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"आधी कापूस उपट," ती म्हणाली. "उंबऱ्यापासून सुरू कर. बी मी टाकेन."