भरल्या कपाटाचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. मित्रांनो, माझ्यासारखे इमानी कुलूप शोधून सापडणार नाही, आणि तीच माझी रड आहे.

कारखान्यात तपासनिसाने मला तीनदा ओढून पाहिले आणि "पक्कं आहे" म्हणाला. तेव्हापासून माझी मान ताठ. पुढे जंगलातल्या एका वस्तीत, दोन खोल्यांच्या दवाखान्यात, मला लाकडी कपाटाला लावले. आत कोऱ्या सुयांची पाकिटे होती आणि नाकात मारायचे फवारे. नशेची सुई टोचून कुणाचा श्वास थांबत आला, तर हा फवारा त्याला परत आणतो. वस्तीत अशी सुई टोचून घेणारे बरेच होते. कोऱ्या सुया त्यांनाच वाटायच्या, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याने टोचून रोग पसरत नाही. किल्ली मात्र डॉक्टरसाहेबांच्या खिशात, आणि साहेब यायचे फक्त बुधवारी, तेही ओढ्याला पूर नसेल तर.

नर्सताई त्याच वस्तीतली. तिचा धाकटा भाऊ खिडकीशी येऊन म्हणायचा, "ताई, एक नवी सुई दे की. चौघांत एकच आहे."

"अरे, किल्ली कुठाय माझ्याकडे? बुधवारी ये."

"व्यसनाला वार कळतो का गं?" असे म्हणून तो हसत निघून जाई. ताई मग माझ्याकडे टक लावून बघत बसे. मला राग यायचा. मी तर माझे काम चोख करत होते!

तपासणीला आलेले अधिकारीही खूश. "वा! एकही पाकीट कमी नाही!" मी केवढे फुगले होते! आज आठवले की शरम वाटते.

मग एका मंगळवारी दुपारी त्या भावाला दोघांनी उचलून ओसरीवर आणले. ओठ निळे पडले होते. "मावशी, तोंडानं श्वास देत राहा!" ताई शेजारच्या मावशीला ओरडून म्हणाली आणि दगड घेऊन माझ्यावर तुटून पडली. पाच घाव, दहा घाव. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला सुटायचे होते, पण किल्लीशिवाय मला उघडताच येत नाही! शेवटी हार मानली ती बिचाऱ्या कपाटाने. फळी फुटली आणि कोयंड्यासकट मी खाली पडले. ताईने फवारा मारला. काहीच होईना. तिने दुसरा मारला, तेव्हा कुठे तो खोकला, आणि ताईने त्याला कुशीवर वळवले.

दुसऱ्या दिवशी साहेब कडाडले, "सरकारी कुलूप तोडलंस?"

"कुलूप शाबूत आहे, साहेब. कपाट तुटलं."

साहेबांनी फळी ठोकून घेतली आणि घाव खाल्लेले कुलूप नको म्हणून नवे दिले. ताईने आधी फवारे मावशीकडे, दुकानदाराकडे आणि शाळेतल्या बाईंकडे नेऊन ठेवले, सुया खिडकीतल्या डब्यात भरल्या, आणि मग नवे कुलूप रिकाम्या कपाटाला लावले. ते मोठ्या ऐटीत पहारा देत असते.

मी दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात पडून आहे. माझी किल्ली साहेबांनी कुठे टाकली कुणास ठाऊक. गेल्या महिन्यात दुकानदाराच्या बायकोने फवारा मारून एकाला वाचवले, हे मी आतूनच ऐकले. मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी म्हणत नाही. मला लावायचे तिथे खुशाल लावा, पण किल्ली गुदमरणाऱ्याच्या हाताशी ठेवा.