अंकिताच्या पानथरीतली लयकारिका

मी एक जुनी लयकारिका, म्हणजे पेशीतलं लायसोसोम, आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. बाकी तुमचं-माझं काही सख्य नाही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणतात. जन्मभर पेशीतली घाण मी उपसायची, आणि नाव हे असलं!

रहिमतपूरजवळच्या मळ्यात राहणाऱ्या नऊ वर्षांच्या अंकिताच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, एक भक्षक पेशी आहे. तिथे माझा जन्म झाला. पेशीतल्याच गॉल्गी संकुलाने मला विकरांनी, म्हणजे पचवणाऱ्या रसांनी, भरून कामाला लावलं. माझी पेशी रक्तातल्या म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळून माझ्याकडे आणते, त्या मी विरघळवायच्या. लोह सुटं करायचं, प्रथिनांचे तुकडे करायचे आणि परत द्यायचे. त्यातूनच पुन्हा नवं रक्त बनतं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात ना, तसं. शाबासकी मात्र सगळी हृदयाला.

तेही चालवून घेतलं असतं. पण माझ्यातलं एक विकर जन्मापासून धड बनतच नाही. तांबड्या पेशीच्या सालीतली चरबी फोडणारं ते विकर. बाकी सगळं मी पचवते, ती चरबी तेवढी उरते. टाकायला जागा नाही, काढायला वाट नाही. मी फुगले, माझी पेशी फुगली, आजूबाजूच्या साऱ्या फुगल्या आणि पोरीची पानथरी बेंबीपर्यंत उतरली.

आणि घरचे काय म्हणाले? “खुराक अंगी लागला!”

घर पैलवानांचं. अंकिताचे आजोबा नानासो यांनी तरुणपणी मैदानं मारलेली. बाप फौजेत, म्हणून पोरीला तालमीत आजोबांनीच घातलं. पोट वाढलं तसं त्यांनी दूध वाढवलं, बदाम वाढवले. रक्त गोठवणाऱ्या रक्तपट्टिका पानथरीत अडकू लागल्या, तसे पोरीच्या अंगावर काळे-निळे डाग उठू लागले. तिच्या आईने, रेश्माने, ते दाखवले तर आजोबा हसले.

“आगं, तालमीतल्या पोरीला वळ न्हाई उठायचं, तर काय म्हशीला उठायचं?”

असा संताप आला म्हणून सांगू! अहो, ते डाग तालमीचे नव्हते, माझ्यामुळे होते. पण मला तोंड कुठे आहे?

मग यात्रेच्या कुस्त्या ठरल्या. वस्ताद कोंडीबा मळ्यावर येऊन सांगून गेले, “नानासो, रविवारी जोड लावलीया. पोरगी लय तयार झालीया.” अंकिता नाचायला लागली. मी हादरले. इतकी ताणलेली पानथरी एका आपटण्यात फुटली असती. पोटातल्या पोटात रक्त वाहिलं असतं आणि लोक टाळ्या वाजवत बसले असते.

शनिवारी सकाळी पोरीच्या नाकातून रक्त आलं. रेश्मा तिला साताऱ्याला न्यायला निघाली.

“कुस्तीच्या आदल्या दिशी दवाखाना? आपशकुन करतीस व्हय?”

“करती, मामंजी. तुमी बी चला, न्हाईतर आमी दोघी जातो.”

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नानासोंचा हात धरून अलगद पोरीच्या पोटावर ठेवला. “दाबू नका. ही कड लागते? ही चरबी नव्हे, ही प्लीहा आहे.”

नानासोंनी बराच वेळ हात काढला नाही. “आन् उद्या पडली आसती तर?”

“मैदानातून घरी आणता आली नसती.”

अंकिता रडली. “मला कुस्ती धरायचीया!” म्हणत आईला चावलीसुद्धा. नानासोंनी बाहेर येऊन कोंडीबांना फोन लावला. पलीकडून चेष्टा झाली असावी. “भ्याली म्हण, न्हाईतर काय बी म्हण. पोरगी उतरणार न्हाई,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बाकावर बसून ते पोरीच्या हातावरचा एकेक डाग बघत राहिले.

म्हणून मी त्यांना माफ केलं, असं समजू नका. पोरीचं रक्त तपासायला गेलंय. एखादं विकर कमी असावं हा संशय खरा ठरला तर ते सलाईनमधून देता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरांनो, तुमच्याही अंगावर उगाच डाग उठले, पोट फुगत गेलं, तर मोठ्यांच्या मागे लागा. ते हसले तरी लागा. माझं विकर येईल तेव्हा येईल. तोवर मी फुगलेलीच असणार. तोवर या पोरीला गमतीतसुद्धा कुणी ढकललंत, तर याद राखा!