वलगावच्या जीपचा बंपर

मित्रांनो, मी वलगावच्या शेषरावांची जीप. रंग हिरवा, म्हणजे एके काळी होता, वय सव्वीस. बैल असते तर या वयात मला कधीच दाव्यातून मोकळे केले असते. पण मी अजून पहाटे फुले आणि भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात जाते, आणि ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी मला करमत नाही. आज तुम्हाला माझ्या बंपरची गोष्ट सांगते. त्यात माझीही चूक आहे. ती मी लपवणार नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे कौतुक एकाच गोष्टीसाठी होते. माझी चारही चाके ओढतात. साध्या गाड्यांची दोनच ओढतात, बाकीची दोन नुसती सोबतीला असतात. पहिली दहा वर्षे मी रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे काढली. तिथे माझ्यावरची धूळसुद्धा कुणी पुसली नाही. मग शेषरावांनी मला अकोटहून आणले. त्यांचे शेत गावापासून तीन किलोमीटरवर, आणि वाट म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी कच्ची पांदण. आमची काळी माती कापसाला मायेची असेल, पण पावसाळ्यात ती चाकाला धरली की सोडत नाही. मधे एक नालाही आहे. मी आले आणि शेषरावांनी बैलजोडी विकली. त्यांच्या पत्नी तानुबाई दोन दिवस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला हळदकुंकू लावले, आणि मी घरची झाले.

त्यांची मुलगी गीतांजली माझ्यावरच गाडी शिकली. किती वेळा तिने मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढवले, ते मी मोजले नाही. कॉलेज झाल्यावर तिने वडिलांकडून एक एकर मागून घेतला आणि त्यात झेंडू आणि शेवंती लावली. अमरावतीचे चार फूलवाले आता तिचीच वाट बघतात. पावसाळ्यात पांदणीतून फुले बाहेर काढायला माझ्याशिवाय कुणी नाही. मी बंद तर तिचे फूल शेतातच सुकणार, एवढे सरळ गणित होते.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी नाल्यातल्या एका दगडावर माझा जुना पत्र्याचा बंपर आपटला आणि दुमडून चाकाला लागला. नवा घ्यायचा ठरला. मग काय विचारता! गावात मुलीच्या लग्नात नसतील इतके सल्लागार माझ्या बंपरला मिळाले. शेषरावांचा पुतण्या पियुष मोबाइलवर फोटो दाखवायचा. एकाला शिंगे होती, एकाला आठ दिवे. गीतांजलीने मात्र कागदावर माझे चित्र काढले होते. "बाबा, पाइपाचा हलका बंपर घेऊ. बाजूनं वर उचललेला पायजे, म्हणजे नाला चढतानी चाक आधी लागते, बंपर नाही. ओढाले दोन मजबूत हुक पायजेत. अन् शिंगं नकोच. रस्त्यावर कोनाले लागलं तर?"

शेषरावांनी ऐकून घेतले आणि अकोल्याच्या दुकानात जाऊन आयुष्यभर ज्या रीतीने बैल निवडले त्याच रीतीने बंपर निवडला. आधी चार पावले मागे जाऊन रुंदी पाहिली. मग थाप मारली. मग दुकानातल्या दोघांना उचलायला लावले. त्यांना तो उचलेना, तेव्हा शेषराव खूश झाले. "हा खरा! पाइपाचं काय लावता, सायकलवानी?"

आमचा गावातला मिस्त्री चंद्रभान बोल्ट आवळताना पुटपुटला, "भाऊ, म्हातारीच्या गळ्यात लोढणं बांधून राहिले तुमी." लोढणे म्हणजे पळकुट्या गुराच्या गळ्यात अडकवतात तो लाकडाचा ओंडका. शेषराव हसले. आणि मित्रांनो, मीही मनात हसले. माझे तोंड इतके रुबाबदार कधी दिसले नव्हते. बसस्टँडवर पोरे थांबून बघायची. मला वाटले, चंद्रभानला काय कळते!

रुबाब जुलैपर्यंत टिकला. माझ्या पुढच्या स्प्रिंगा दबल्या, दिवे खाली बघू लागले, गीतांजलीचे हात स्टेअरिंग वळवून भरून यायचे. नाल्यात उतरले की ते जड लोखंड आधी चिखलात घुसायचे आणि माझी चारही चाके मागे नुसती फिरत राहायची. एका महिन्यात तीनदा मला ट्रॅक्टरने ओढून काढले. तिसऱ्या वेळी शेवंतीची चौदा क्रेट दुपारपर्यंत उन्हात पडून राहिली. गीतांजली त्या दिवशी जेवली नाही.

दोष कुणाला मिळाला? मला. "गाडीच म्हातारी झाली," शेषराव म्हणाले, "पोळा झाला की अकोटचा भंगारवाला येऊन पाहून जाईन." गीतांजली म्हणाली, "बाबा, पोळ्याच्या चार दिवसांनी गणपती हाय. माह्यं फूल कशात नेऊ?" शेषरावांनाही वाईट वाटत होते, पण चुकलो म्हणायची त्यांना सवय नाही. मी अंगणात उभी होते आणि मला भीती वाटत होती, हे कबूल करते.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. गरम पाण्याने धुतात, लोणी आणि हळद लावून पळसाच्या पानाने चोळतात, आणि उद्याच्या जेवणाचे आवतन देतात. बैल गेले तरी तानुबाईंनी हा रिवाज सोडला नाही. दरवर्षी त्या माझ्या बॉनेटवर हळद लावतात. या वर्षी त्या हळदलोण्याची वाटी घेऊन थबकल्या.

"गीता, बैलाच्या खांद्यावर जू राह्यते. हिच्यावर वजन कुठं येते?"

गीतांजलीने बंपरच्या मागे, माझ्या लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवले. "इथं, माय. चासीच्या या दोन टोकाइवर."

"मंग हाच हिचा खांदा."

तानुबाई खाली बसल्या, बंपरच्या मागे हात घातला आणि चिखल धुऊन लोणी चोळू लागल्या. सव्वीस वर्षांत तिथे कुणाचा मायेचा हात लागला नव्हता. मला किती बरे वाटले! चोळता चोळता त्यांचे बोट अडखळले. त्यांनी पुन्हा हळद फिरवली. लोखंडावर वीतभर पिवळी रेघ उमटली, कारण हळद भेगेत शिरली होती.

"अवो, इकडे या," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. शेषराव वाकून बघू लागले. "खांदा फुटला हिचा. फुटल्या खांद्याच्या बैलाले तुमी कदी जुंपलं होतं का?"

शेषराव शेजारी उकिडवे बसले. त्यांनी कधीच जुंपले नव्हते. खांदा सुजला तरी ते बैलाला आठ दिवस गोठ्यात बांधून ठेवत. मग त्यांनी स्वतःच वाटीतले लोणी घेतले आणि दुसरे टोक चोळले. "चुकलंच माह्यं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले की गीतांजलीकडे, ते मला अजून सांगता येत नाही. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," तानुबाई मला म्हणाल्या.

पोळ्याला आमच्याकडे काम होत नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रभानने ते लोढणे उतरवले; धरायला चौघे लागले. चासीची भेग त्याने भरून काढली आणि वर जाड पट्टी जोडली. मग शेषरावांनी मुलीच्या हातातला तो कागद मागितला आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारले. वजन किती? चाक मोकळे राहील ना? इंजिनाला हवा लागेल ना? हुक कशाला जोडणार, नुसत्या पाइपाला की चासीला? चंद्रभान आणि गीतांजली दोन दिवस भांडत-हसत तो बंपर तयार करत होते. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. मला तो चहा फार आवडला, मी न पिताच.

गणपतीच्या आदल्या दिवशी तीस क्रेट झेंडू माझ्या पाठीवर होता. रात्रभर पाऊस झाला होता. नाल्याजवळ शेषराव धक्का द्यायला उतरू लागले, तर गीतांजली म्हणाली, "बसा बाबा." मी तोंड उचलले, पुढचे चाक काठाला टेकले, घसरले, पुन्हा धरले, आणि मी वर आले. एकही फूल सांडले नाही. शेषरावांनी पुढे वाकून माझ्या डॅशबोर्डवर दोनदा थोपटले, जसे बैलाच्या मानेवर थोपटत असत तसे.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंप असेल, एखादी गाडी असेल. तिला हौसेने सजवा, आम्हालाही मिरवायला आवडते. पण सजवण्याआधी तिला किती झेपेल ते विचारा. आम्हाला बोलता येत नाही. दुखते कुठे ते तुमच्या हातालाच शोधावे लागते. आणि आम्ही अडलो, तर लगेच म्हातारे म्हणू नका.

आता मला निघू द्या. गीतांजलीने किल्ली फिरवली आहे, आणि शेषराव आज मागे फुलांजवळ बसले आहेत.