मुकं कुलूप

राउन्हिलने इंजेक्टर मांडीवर टेकवला आणि दाबला. आतून ‘खट्’ असा आवाज आला. तिने तो लगेच उचलला आणि समाधानाने म्हणाली, “झालं. अजिबात दुखलं नाही.”

दुखणार कसं? मांडीवर रबराची गादी बांधलेली होती आणि औषधाच्या जागी साधं पाणी होतं. ते पाणी आता राउन्हिलच्या चष्म्यावर, टेबलावर आणि शेजारी बसून नोंदी करणाऱ्या मुलीच्या कागदांवर उडालं होतं.

“अगं बाई,” राउन्हिल चष्मा पुसत म्हणाली. “हे काय?”

काचेच्या पलीकडे बसलेल्या ग्रीने डोळे मिटून घेतले. राउन्हिलला ते दिसलं नाही. ती काच एकाच बाजूने पारदर्शक होती. सकाळपासून या नव्या इंजेक्टरच्या चाचणीला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी असंच केलं होतं. टेकवलं, दाबलं, ‘खट्’ ऐकलं, उचललं. औषध अर्धं अंगात, अर्धं हवेत.

आणि ते ‘खट्’ ग्रीचं होतं.

हा इंजेक्टर वापरून फेकून द्यायचा नव्हता. हातात धरायची मूठ वर्षानुवर्षं तीच, पुढची सुई-औषधाची डबी तेवढी दर वेळी नवी. म्हणजे तो घरातच राहणार, खणात, पर्समध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर. म्हणून ग्रीने त्यात कुलूप बसवलं होतं. तोंड कातडीवर नीट टेकून दबल्याशिवाय बटण खाली जातच नाही. अंगठ्याने कितीही जोर लावा, ते ढिम्म हलत नाही. तोंड दबलं की कुलूप उघडतं, बटण जातं आणि औषध सुरू होतं. बाळंतपणाच्या रजेआधी तिने हे सगळं कागदावर आणलं होतं. रजेवरून परत आली ती मुलीला, विगाला, पाळणाघरात ठेवून. विगा एक वर्षाची. टीव्हीचा रिमोट, धुण्याचं यंत्र, आजोबांचं कानातलं यंत्र, बटण दिसलं की दाबायचंच असा तिचा बाणा. त्यामुळे आता ग्रीला कुलूप नुसतं आवडत नव्हतं, ते हवंच होतं.

मेरेटेने खुर्ची वळवली. प्रकल्प तिच्या हाताखाली चालायचा, आणि वाईट बातमी द्यायची झाली की ती आधी कॉफी ओतायची. आत्ता तिने कॉफी ओतली.

“ग्री, उद्या दुपारी मला वर उत्तर द्यायचंय.”

“माहितीये.”

“कुलूप काढू या. आपल्या जुन्या इंजेक्शनच्या पेनसारखं नुसतं टोपण ठेवू. टोपण लोकांना कळतं.”

“टोपण विगालाही कळतं. परवा तिने मोहरीच्या बाटलीचं उघडलं. दातांनी.”

“तुझी मुलगी म्हणजे सगळं जग नाही.”

“माझं आहे,” ग्री म्हणाली. मग जरा नमतं घेत म्हणाली, “उद्या सकाळी राउन्हिलला परत बोलावू या. एक संधी दे.”

“तीच राउन्हिल, तेच कुलूप. बदलणार काय?”

उत्तर प्रेबेनने दिलं, नेहमीसारखंच. प्रेबेन कार्यशाळेतला सगळ्यात जुना माणूस, गळ्यात चष्म्याचा दोरा आणि तोंडात टोमणा. दार ढकलून आत येत तो म्हणाला, “चूक इंजेक्टरची नाही, बाईंची. ज्याची चूक त्याचा केक. राउन्हिलकडे केक मागा.”

सगळे हसले. त्यांच्याकडची ती जुनी रीत. कुणाच्या हातून घोटाळा झाला की त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक खिलवायचा, मग त्या घोटाळ्याबद्दल कुणी परत तोंड उघडायचं नाही. हसता हसता ग्रीचं लक्ष प्रेबेनच्या मागे गेलं. दार उघडंच होतं. बाहेर राउन्हिल कोट चढवत होती, आणि तिचा हात बाहीत मध्येच थांबला होता.

*

पाळणाघर ओसेच्या घरातच होतं, हिलरॉड गावातल्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ग्री सायकल कुंपणाला लावून आत आली तेव्हा सफरचंदाच्या झाडाखाली चार बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या आणि चारी गाड्यांत मुलं झोपलेली. थंडी चांगलीच होती, पण इकडे मुलांना दुपारी बाहेरच्या हवेतच झोपवायची पद्धत. विगाचं नाक तेवढं दुलईबाहेर, लालबुंद.

ओसे मागच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती. “आज लवकर?”

“डोकं चालेना. म्हटलं हिला घेऊन तळ्यावर एक चक्कर मारू. झोपू दे तिला, अशीच ढकलत नेते.” ग्रीने गाडीच्या ब्रेकच्या पट्टीवर पाय ठेवला.

“अं हं, ब्रेकला—” ओसे कुजबुजली.

खट्.

विगाने डोळे उघडले. रडली नाही, कुरकुरली नाही. जागी होऊन थेट हसली आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

“सांगत होते,” ओसे म्हणाली. “दाराची घंटा वाजू दे, कुत्रा भुंकू दे, शेजारचा गवत कापायचं यंत्र चालवू दे, ही हलत नाही. पण ब्रेक सुटला की संपलं. तिच्यासाठी त्या आवाजाचा एकच अर्थ. झोप झाली, आई आली, चला.”

“हो का?” म्हणत ग्रीने विगाला उचललं. तिच्या गरम गालाला गाल लावला. आणि तशीच उभी राहिली.

“काय गं? चावली का?”

“ओसे, तिला हे कुणी शिकवलं?”

“कुणी म्हणजे? तूच. रोज येतेस, रोज ब्रेक सोडतेस, रोज उचलतेस.”

ग्रीने विगाला ओसेच्या मांडीवर, बटाट्यांच्या शेजारीच ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

“प्रेबेन, कुठे आहेस?”

“बूट घातलेत. घरी निघालोय.”

“जुन्या पेनमध्ये शेवटी खट् वाजतं, ते कोणी घातलं?”

“मी. औषध संपलं की खट्. त्याबद्दल मला बक्षीस मिळालंय, तेव्हा जरा आदराने बोल.”

“राउन्हिल किती वर्षं ते पेन वापरतेय?”

“असेल की, पहिल्यापासून. तिच्या सांध्यांना दुसरं काही—” प्रेबेन बोलता बोलता थांबला.

“तिने काहीच चुकीचं केलं नाही,” ग्री म्हणाली. शब्द एकमेकांवर आदळत बाहेर पडत होते. “खट् म्हणजे झालं. आपणच शिकवलं ना तिला? नव्यातही शेवटी ते वाजतंच, पण आता आपलं कुलूप सुरुवातीलाच खट् करतं. आपणच तिला म्हणतो झालं, उचल. ती बिचारी उचलते, आणि आपण लिहितो, वापरणाऱ्याची चूक.”

प्रेबेन म्हणाला, “आणि नव्या कुलपात ते खट् कोणी घातलं, आठवतंय?”

“मी.”

“महागड्या गाडीचं दार लागल्यासारखं वाजलं पाहिजे म्हणून महिनाभर कान लावून बसली होतीस. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेरेटेने तर ते फोनवर रेकॉर्ड करून नवऱ्याला ऐकवलं होतं.”

खरंच होतं ते. दुसऱ्या एखाद्या देशात कुलूप नुसतं उघडलं असतं. डिझाइनचं वेड असलेल्या यांच्या देशात ते उघडताना सुरेखही वाजायला हवं होतं.

“प्रेबेन, बूट काढ.”

“काढतोय,” प्रेबेन म्हणाला.

*

कुलपात प्लास्टिकची एक लहानशी जीभ होती, नखाएवढी. तोंड दबलं की ती एका उभ्या कडेवरून खाली पडायची आणि पडताना वाजायची. कार्यशाळेत परतलेल्या ग्रीने विगाला मांडीवर घेऊन, तिच्या हाताला कीबोर्ड लागणार नाही असं तिरकं बसून, चित्र बदललं. जीभ ज्या बाजूने अडवते ती बाजू होती तशीच उभी, भिंतीसारखी. ज्या बाजूने सुटते ती मात्र उतरती. आता जीभ पडणार नव्हती, घसरगुंडीवरून मूल उतरावं तशी उतरणार होती.

“उतार आला म्हणजे पकड सैल होईल,” प्रेबेन पडद्यात डोकं घालून म्हणाला.

“उतार सुटायच्या वाटेवर आहे. धरायच्या नाही.”

“बोलायला सोपं आहे.”

“मग उद्या तूच ओढून बघ.”

थ्रीडी प्रिंटरला रात्रभराचं काम लावून ते घरी गेले. शुक्रवारी सकाळी ग्री पोचली तेव्हा प्रेबेन आधीच येऊन जिभेच्या कडा बारीक कानशीने घासत बसला होता. दोघांनी ती बसवली. डबी न लावता प्रेबेनने बटणावर दोन्ही अंगठे ठेवून जोर लावला. त्याचा चेहरा लाल झाला. बटण हललं नाही. मग डबी लावून इंजेक्टर टेबलावरून पाडला, उभा पाडला, आडवा पाडला, टाचेने ढोसला. कुलूप जागचं सुटलं नाही. मग त्याने तोंड रबरावर टेकवून दाबलं आणि कान जवळ नेला.

“काही ऐकू येत नाही,” तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही.

राउन्हिल वेळेवर आली. हातात झाकण लावलेला पत्र्याचा मोठा डबा. झाकणाच्या फटीतून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खरपूस साखरेचा वास अख्ख्या मजल्यावर पसरला.

“काल मी गोंधळ घातला,” ती ग्रीच्या हातात डबा देत म्हणाली. “पोरांना पोहायला शिकवण्यात जन्म गेला माझा. पाण्याला घाबरणारी पोरं माझ्या एका शब्दावर उडी मारायची. आणि मला साधं इंजेक्शन धड घेता येईना. वय झालं, दुसरं काय. पण रीत ती रीत. हा माझा केक.”

ग्रीच्या जिभेवर सगळं आलं. तुझी चूक नाही, राउन्हिल, आमची आहे, तू अगदी बरोबर होतीस. पण चाचणीला बसणाऱ्याला आधी अवाक्षरही सांगायचं नाही हा नियम. सांगितलं तर चाचणी बाद, आणि चाचणी बाद तर कुलूपही गेलं. तिने डबा छातीशी धरला आणि एवढंच म्हणाली, “आत्ता ठेवू या. नंतर बघू.”

राउन्हिलचा चेहरा उतरला. केक नाकारला असंच तिला वाटलं असणार.

काचेआड मेरेटे हाताची घडी घालून उभी होती. “काय बदललंय?”

“बघ,” ग्री म्हणाली.

राउन्हिलने गादी सारखी केली. गाठी आलेल्या बोटांनी इंजेक्टर उचलला, टेकवला, दाबला.

काहीच झालं नाही. म्हणजे झालं होतं. ग्रीला दिसत होतं, बटण खाली गेलं होतं, पाणी चाललं होतं. पण आवाज नाही. राउन्हिलने कपाळाला आठ्या घातल्या. इंजेक्टरकडे बघितलं. शेजारच्या मुलीकडे बघितलं. मुलगी नियमाप्रमाणे दगडासारखी बसून.

“हे बिघडलंय वाटतं,” राउन्हिल म्हणाली.

मेरेटेने श्वास सोडला. “उचलणार ती.”

ग्रीने काचेवर तळवा टेकवला. नको उचलूस. नको गं.

राउन्हिलचं मनगट हललं. इंजेक्टर किंचित कलला. मग तिने तो पुन्हा सरळ केला. “पण वाजलं नाही ना अजून,” ती स्वतःशीच पुटपुटली. “वाजल्याशिवाय सोडायचं नसतं.” आणि पोहायला शिकणाऱ्या पोराला पाण्यात तोलून धरावं तसा तिने तो धरून ठेवला.

खट्.

“हं. आत्ता झालं,” राउन्हिल म्हणाली आणि उचलला. टेबल कोरडं. कागद कोरडे. चष्मा कोरडा. कुणी न सांगताच तिने वापरलेल्या डबीवर बटण पुन्हा दाबून पाहिलं. ते गेलं नाही. नवी डबी लावली, पुन्हा टेकवलं, पुन्हा वाट पाहिली, पुन्हा शेवटी खट्.

“मजाच आहे,” ती म्हणाली. “काल का जमलं नव्हतं मला?”

ग्री तोवर दार उघडून आत पोचली होती. मधल्या खोलीतून ती चालत आली की धावत, हे तिला नंतर सांगता आलं नसतं.

“कारण काल आम्ही तुला मध्येच झालं म्हणून सांगत होतो. चूक आमची होती. माझी. आवाज मी घातला होता.”

राउन्हिलने तिच्याकडे नीट बघून घेतलं. “म्हणजे मी बरोबर होते?”

“पहिल्यापासून.”

“म्हणजे हा केक माझा नाही.”

“नाही. केक मी द्यायचा.”

“बरं,” राउन्हिल उठली, कोट उचलला, डबा काखेत मारला. “मग माझा मी घरी घेऊन जाते.”

सगळ्यांचे चेहरे पडले. वासाने सकाळपासून कुणाचं कामात लक्ष नव्हतं.

“थांब, थांब,” प्रेबेन आडवा आला. “चूक बाईंची असं मी म्हणालो होतो. त्याची भरपाई म्हणून हा केक मी तुझ्याकडून विकत घेतो आणि माझा म्हणून सगळ्यांना वाटतो.”

“विकत नाही मिळत,” राउन्हिल म्हणाली. “माफी मागितलीस तर एक तुकडा मिळेल.”

प्रेबेनने माफी मागितली. छातीवर हात ठेवून, सगळ्यांदेखत. राउन्हिलने सुरी मागवली.

राउन्हिलनंतर आलेल्या माणसांनीही वाट पाहिली. एकाने ती शीळ घालत पाहिली. दुपारी मेरेटे वरच्या मजल्यावरून खाली आली आणि तिने कॉफी ओतली नाही.

“कुलूप राहतंय,” ती म्हणाली. मग बोटावरचं खोबरं चाटत म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी तुझा केक. आणि यापेक्षा कमी चांगला नको.”

*

सफरचंदाच्या झाडाखाली आज तीनच गाड्या होत्या. विगा झोपलेली. ग्रीने पिशवीतून डबी नसलेली रिकामी मूठ काढली आणि दुलईवर ठेवली. विगा उठली की ती बटण दाबणार, ते जाणार नाही, आणि ती प्रचंड चिडणार, हे ग्रीला आत्ताच दिसत होतं. तिला कधी एकदा ते बघते असं झालं होतं.

“ब्रेकला तेल घालून देऊ?” ओसेने पायरीवरून विचारलं. “आवाज जाईल त्याचा.”

“नको,” ग्री घाईने म्हणाली. “तो बरोबर वेळेला वाजतो.”

आणि तिने पट्टीवर पाय ठेवला.